बत्तिसावं वळण

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितल्यावर ताईने एकच प्रश्न विचारला.

"गेम खेळले तर चालेल का?"

"कोण खेळणार?" डॉक्टर म्हणाले.

"मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पेशंटचं डोकंही तपासून घ्यायला हवं का, असं त्यांना विचारायचं असावं. मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत बसलो. साठीच्या भावाने सहासष्ट वर्षांच्या बहिणीची बाजू कशी घ्यायची, हे मला अजून नीट जमत नाही.

ताईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग दोन वर्षांपूर्वीच गेला होता. आता डावाही त्याच वाटेला लागला होता. हा आजार कडा शाबूत ठेवतो आणि मधलं खातो. समोरच्याचा चेहरा जातो, कान राहतात. "उजव्या डोळ्यासमोर हल्ली सगळे नुसते कान घेऊन येतात," असं ताई म्हणायची. डाव्या डोळ्यातलं मधलं किती दिवस टिकेल, सहा महिने की वर्ष, हे छातीठोकपणे सांगायला डॉक्टर तयार नव्हते. पण गेम खेळल्याने डोळे अजून बिघडणार नाहीत, हे त्यांनी कबूल केलं. दमलात की थांबा, म्हणाले.

"थांबायचं कधी ते मला कळतं," ताई म्हणाली आणि पर्स उचलून उभी राहिली.

बाहेर जिन्यात तिने माझा दंड धरला. एकाच डोळ्याने पायरीचा अंदाज येत नाही, म्हणून ती कठडा चाचपत उतरते. "हे बघ," ती म्हणाली, "मला बत्तिसावं वळण बघायचंय. मधलं दिसतंय तोवर. मग काय व्हायचं ते होऊ दे." माझी पायरी चुकली. का चुकली ते सांगायचं तर आधी हे गेमचं प्रकरण सांगायला हवं.

माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. अजून न बांधलेला फ्लॅट गिऱ्हाइकाला दाखवायचा तर ते लोक त्याच्या डोळ्यांवर हेडसेट चढवतात, आणि गिऱ्हाईक नसलेल्या बेडरूममधून नसलेल्या बाल्कनीत हिंडून येतं. ऑफिसात नवे हेडसेट आले तेव्हा जुन्यांतला एक भाचीने घरी आणला. त्याची बॅटरी पार म्हातारी झालेली, वायर काढली की लगेच मान टाकते. त्यामुळे त्याला सतत वायर लावून ठेवावी लागते, आणि प्लग आहे माझ्या खुर्चीच्या हाताशी. त्या घरात माझी खुर्ची ठरलेली आहे, ती हलवायचा प्रश्नच येत नाही.

भाचीने त्यात जुने गेम भरून आणले होते. हेडसेट चढवला की तुम्ही थेट एका गेम पार्लरच्या दारात उभे. खाली लाल गालिचा, दोन्ही बाजूंना उंच मशीन्सच्या रांगा. ज्याच्यासमोर जाऊन उभे राहाल ते मशीन चालू होतं, आणि त्याच्या चौकटीत तोच जुना, सपाट, ठिपक्याठिपक्यांचा गेम. आईची तेवढीच करमणूक, असं भाचीला वाटलं. ताईने हेडसेट चढवला, मान इकडून तिकडे फिरवली आणि विचारलं, "एवढा गालिचा झाडतं कोण?"

भाची हसली. मी हसलो नाही. छत्तीस वर्षांपूर्वी असंच एक पार्लर ताई रोज झाडायची.

आत तिला जे दिसत होतं ते आम्हाला टीव्हीवर दिसत होतं. ती एकेक मशीन मागे टाकत गेली आणि रांगेच्या टोकाला थांबली. समोर 'नावाडी' होतं. तीच निळी नदी, तीच चौकोनी होडी.

"तू अजून जिवंत आहेस होय?" ताई मशीनला म्हणाली.

माझा चहा कपातच राहिला.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि त्या पार्लरचा मेकॅनिक होतो. सगळे मला पान्हा म्हणायचे. अकरा मशीन्स होती आणि ती चालू ठेवणारा मी एकटा, त्यामुळे माझा रुबाब मालकापेक्षा जास्त. भावोजींची नोकरी गेली तेव्हा मीच मालकाच्या मागे लागून ताईला तिथे झाडू-फरशीच्या कामाला लावलं. पार्लर दहाला उघडायचं. त्याआधी प्रत्येक मशीन चालवून बघायचं, प्रत्येक बटण दाबायचं, प्रत्येक जॉयस्टिक चारी दिशांना फिरवायची, असा नियम होता. हे काम माझं होतं. पण सकाळी नऊला मला समोरच्या टपरीवर चहा पीत उभं राहायला आवडायचं. मी किल्ल्या ताईच्या हातात दिल्या. नाणं न टाकता मशीन सुरू करायचं आतलं बटण दाखवलं आणि मोकळा झालो.

ताई दहा मशीन्स दहा मिनिटांत उरकायची. अकराव्यावर रेंगाळायची. ते होतं 'नावाडी'. नदीतून होडी न्यायची, खडकांवर अडकलेली माणसं उचलायची, ओंडके आणि भोवरे चुकवायचे आणि सगळ्यांना धक्क्यावर उतरवायचं, की एक वळण पार. अशी बत्तीस वळणं आहेत, असं मशीनच्या कपाळावर छापलेलं होतं. एकतिसाव्यापर्यंत फक्त मी पोचलो होतो, आणि तिथे दरवेळी बुडलो होतो. तरी मी खेळायला लागलो की मागे घोळका जमायचा. त्या वयात माणसाला तेवढं पुरतं. मी गल्लीतून छाती काढून चालायचो.

रात्री मेन बंद केला की स्कोअरचा तक्ता पुसला जायचा. पण सकाळी दहाला पोरं आत शिरायची तेव्हा तक्त्यात सगळ्यात वर तीन अक्षरं असायची. ए ए ए. जो खेळून नाव न घालता निघून जातो, त्याच्यासाठी मशीन आपलं आपण तीन ए टाकतं. "हा कोण रे पान्ह्या?" पोरं विचारायची. "कंपनीकडूनच तसं येतं," मी सांगायचो. मला चांगलं माहीत होतं कोण ते.

एक दिवस मी चहा लवकर संपवून आत आलो. नदीचं संगीत नेहमीपेक्षा वेगात वाजत होतं. ताई काखेत मॉप धरून खेळत होती, मान जराशी तिरकी, ओठ घट्ट मिटलेले. मी मागे जाऊन पाहिलं. एकतिसावं वळण. जिथे मी बुडायचो तो शेवटचा भोवरा तिने असा चुकवला की जणू फरशीवरचा डाग चुकवला. सगळा पडदा निळा झाला आणि त्यावर आकडा आला, बत्तीस.

दाराच्या काचेला पोरं नाक लावून उभी होती. पाच मिनिटांत ती आत येणार आणि बघणार, की पान्ह्याला जे जमलं नाही ते झाडू मारणाऱ्या बाईने करून दाखवलं, आणि ती बाई पान्ह्याची बहीण. माझ्या डाव्या हाताला स्विचबोर्ड होता. मी मशीनच्या लाइनचं बटण बंद केलं.

पडदा आक्रसून एक पांढरा ठिपका झाला आणि तोही गेला.

"लाइट गेली," मी म्हणालो.

ताईने काळ्या काचेकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग बादली उचलली आणि उरलेली फरशी पुसली. त्यानंतर तिने त्या मशीनला हात लावला नाही. महिन्याभरात ती एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागली आणि तिथूनच रिटायर झाली. पार्लर पुढे काही वर्षांनी बंद पडलं. मशीन्स भंगारात निघाली तेव्हा 'नावाडी' मीच खोललं, आणि त्याच्या जॉयस्टिकचा लाल गोळा खिशात घालून घरी आणला. का आणला, विचारू नका. हे मी कोणालाच कधी सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

म्हणून ताईने बत्तिसावं वळण म्हटलं आणि माझी पायरी चुकली. तिने ते बघितलं पाहिजे, हे माझ्याही मनाने घेतलं. तोंडाने कबूल करण्यापेक्षा ते सोपं वाटलं, खरं सांगायचं तर.

सोपं कसलं. हेडसेटबरोबर हातात धरायचे जे दोन ठोकळे येतात, त्यांच्यावरची स्टिक असते बोराएवढी, आणि ताईचा अंगठा सांध्यात दुखतो. पहिल्या दिवशी ती चौथ्या वळणावर बुडाली. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर ती रोज सकाळी नऊला, वेणी घालून, पदर खोचून, आरामखुर्ची सोडून मुद्दाम स्टुलावर बसायची आणि बुडायची. दुसऱ्या आठवड्यात भाची हळूच म्हणाली, "आई, दुसरा एखादा सोपा गेम लावू का? फुगे फोडायचा वगैरे?"

"तू फोड फुगे," ताई म्हणाली.

मी घरी जाऊन माळ्यावरची पेटी काढली. मी आता फ्रीज दुरुस्त करतो, पण हात अजून जुनं विसरलेले नाहीत. प्लायवूडचा एक खोका केला, त्यावर खरी, मुठीत मावणारी जॉयस्टिक बसवली, आत पात्यांचे चार स्विच, चार दिशांना चार, पातं टेकलं की होडी त्या बाजूला वळते, आणि वर तो लाल गोळा. खोका हेडसेटला जोडायची खटपट भाचीने केली. ताईने गोळ्यावर पंजा ठेवला आणि तिचा चेहराच बदलला.

"हा कुठला रे?"

"बाजारात मिळतात," मी म्हणालो.

ती गोळा चाचपत राहिली. खालच्या अंगाला एक टवका उडालेला आहे, तिथे तिचा अंगठा जाऊन थांबला.

त्या दिवशी ती नवव्या वळणापर्यंत गेली आणि मग पुन्हा तेच. डावीकडचं वळण आलं की होडी काठावर आपटायची. उजवीकडे सगळं झकास. डावीकडे मात्र दरवेळी ती क्षणभर आधीच वळायची. एक होडी, दुसरी होडी, तिसरी होडी, खेळ खलास.

"मी बरोबर वळवतेय," ती चिडून म्हणाली. "नदी चुकतेय."

"आई, नदी कशी चुकेल?"

"मग ही का आपटते?"

उत्तर आमच्या तिघांच्याही मनात एकच होतं. ताईने हेडसेट काढून मांडीवर ठेवला. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा तिला घाबरलेली पाहिली. "डोळ्यांचंच असणार," ती म्हणाली. "अंतर कळत नाही आता मला." भाचीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला डोळ्यांनी खूण केली, की मामा, आता पुरे करा हे.

मला भयंकर राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून मी हेडसेट उचलून स्वतःच्या डोक्यावर चढवला. माझे डोळे शाबूत आहेत. मी खोका मांडीवर घेतला आणि सुरुवात केली. पहिलं डावं वळण आलं, मी स्टिक दाबली आणि होडी काठावर आपटली. दुसऱ्या खेपेलाही तसंच. क्षणभर आधी वळलो होतो.

मी हेडसेटमध्येच मोठ्याने हसायला लागलो. मामांचंही गेलं वाटतं, असा चेहरा भाचीने केला असणार, पण मला नदीशिवाय काही दिसत नव्हतं.

झालं होतं असं. त्या जुन्या मशीनच्या डाव्या दिशेचं पातं एकदा तुटलं. नवीन मागवायचा कंटाळा म्हणून मी दुसऱ्या एका मेलेल्या मशीनचं पातं पकडीने वाकवून तिथे ठोकलं. ते जरा लांब राहायचं, आणि स्टिक पुरती दाबली तरी किंचित उशिराच टेकायचं. मालक म्हणाला, चालतंय ना? मी म्हणालो, चालतंय. मग काय, आम्ही सगळेच डावीकडे जरा आधी दाबायला शिकलो. शिकलो हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. ताईचा हात माझ्या कामचुकारपणावर तयार झाला होता आणि छत्तीस वर्षांनीही तो त्यालाच धरून होता. डोळ्यांचा काही संबंध नव्हता. नवीन स्टिक चांगली होती, तोच तिचा दोष.

"ताई," मी हेडसेट काढत म्हणालो, "तू बरोबर आहेस. नदीच चुकतेय. उद्या दुरुस्त करून आणतो."

रात्रभर दम निघाला नाही. सकाळी उठून पकड घेतली आणि डावं पातं वाकवलं. चांगलं काम मुद्दाम बिघडवायची माझी ही पहिलीच वेळ. आळसाने बिघडवणं वेगळं, ते हसत खेळत होतं. मोजून बिघडवायला घाम फुटतो. पहिल्यांदा जरा जास्तच वाकलं.

"इतकंही वाईट नव्हतं रे तुझं काम," ताई आतून ओरडली.

दुसऱ्यांदा कमी पडलं. तिसऱ्यांदा ती डावीकडे वळली आणि होडी काठाला घासून अलगद पुढे गेली. ताई स्टुलावर ताठ झाली. त्या दिवशी ती सोळाव्या वळणावर थांबली. पुढच्या आठवड्यात एकोणीस, मग तेवीस. भाची ऑफिसातून फोन करून विचारायला लागली, आज कितवं?

सत्ताविसाव्यावर असताना एका सकाळी ताईने माझ्यासाठी चहा ओतला आणि तो सगळा बशीच्या बाहेर गेला. तिने किटली खाली ठेवली, फडकं घेतलं आणि ओटा पुसला. "डाव्यातही आलं," ती म्हणाली. "कालपासून. तुझ्या तोंडाच्या जागी ढग आहे."

"डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ की. आधी खेळून घेते."

डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं, आता वाढत जाईल. परत येताना ताई रिक्षात डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, तिने हाय खाल्ली. घराच्या दारात तिने कुलपात किल्ली घातली, कुलपाकडे न बघता, वर दाराच्या चौकटीकडे बघून. मग म्हणाली, "किल्ली लागते बघ. बाजूला बघितलं की मधलं कडेला येतं, मग दिसतं. तसंच खेळायचं."

आणि ती तशीच खेळायला लागली. होडी खाली असेल तर ती वरच्या कोपऱ्यातल्या स्कोअरकडे बघायची. ओंडका डावीकडून आला तर उजव्या काठाकडे. भाचीने आतला पडदा ताणून भिंतीएवढा केला, म्हणजे कडेला भरपूर जागा मिळेल. खऱ्या मशीनवर हे कधी जमलं नसतं, ते हेडसेटमुळे जमलं, एवढं श्रेय त्या डबड्याला द्यायला हवं. कान तर ताईचे आधीपासूनच तयार होते. दिवसा पोरं खेळायची तेव्हा मशीनकडे पाठ करून फरशी पुसताना तिने तो गेम वर्षभर ऐकला होता. ओंडका येण्याआधी टक टक वाजतं, भोवऱ्याआधी सूर चढत जातो. हे मला ती सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मी तर मशीनच्या पोटात हात घातलेला माणूस.

तिचं डोकं दुखायचं. भाची म्हणायची, आई, आज सुट्टी घे. "डोकं माझं आहे," ताई म्हणायची, आणि पाण्याचा एक घोट घेऊन पुन्हा पहिल्या वळणापासून. एकदा एकोणतिसाव्यावर बुडाली, एकदा तिसाव्यावर, दोनदा एकतिसाव्यावर, त्याच माझ्या भोवऱ्यात. दरवेळी तिच्या मधल्या ढगाचा आकार जरा वाढलेला असायचा. आधी तो माझ्या तोंडाएवढा होता, मग दाराएवढा झाला. मला रात्री झोप लागेना. बत्तिसावं न बघताच तिचे डोळे गेले तर मी कोणतं बटण पुन्हा चालू करणार होतो?

एका रविवारी सकाळी नऊला ताई स्टुलावर बसली. भाची टीव्हीच्या बाजूला इस्त्री करत होती. मी माझ्या खुर्चीत. एकेक वळण मागे पडत गेलं. विसाव्यानंतर भाचीने इस्त्री बंद केली. पंचविसाव्यावर ताईची एक होडी गेली, अठ्ठाविसाव्यावर दुसरी. शेवटच्या होडीत ती एकतिसाव्याला लागली. सूर चढला. ताईने मान खांद्यापर्यंत वळवली, भोवऱ्याकडे पार पाठच केली म्हणा ना, आणि कानाने ऐकत डावीकडे दाबलं. क्षणभर आधी. वाकडं पातं क्षणभर उशिरा टेकलं आणि होडी भोवऱ्याच्या कडेवरून निसटली.

पडदा निळा झाला. आकडा आला, बत्तीस.

माझा हात खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होता. प्लग तिथून वीतभर. मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं.

"पान्ह्या," ताई म्हणाली. या नावाने तिने मला तीस वर्षांत हाक मारली नव्हती. तिने मान वळवली नाही. "या वेळी हात खिशात ठेव."

भाची म्हणाली, "काय गं आई?"

"तुला माहीत होतं?" मी ताईला विचारलं.

"लाइट गेली म्हणालास तेव्हा वर पंखा फिरत होता," ताई म्हणाली. "आता गप्प बस. खेळू दे मला."

मी दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले. मला इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं, पण उठायला हात लागतात.

बत्तिसाव्या वळणावर धुकं होतं. नदीचं सगळं मधलं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, होडी त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. फक्त दोन्ही काठांच्या कडा उरल्या. मी टीव्हीकडे डोळे फाडून बघत होतो आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी तिथे पोचलो असतो तरी दोन क्षणांत बुडालो असतो, हे तेव्हा मला कळलं.

"धुकं आहे, आई," भाची म्हणाली. "मधलं काहीच दिसत नाहीये."

"मला रोजचंच आहे ते," ताई म्हणाली.

ती काठांवरून नदीचा अंदाज घेत होती. टक टक वाजलं की उजवीकडे, सूर चढला की डावीकडे, जरा आधी. धुक्यातून माणूस उचलल्याची छोटीशी घंटा वाजली. मग दुसरी. मग बराच वेळ काहीच नाही, आणि भाचीने माझा खांदा घट्ट धरला. तिसरी वाजली. मग एकदम धुकं विरलं. समोर बंदर होतं आणि धक्क्यावर चौकोनी डोक्यांची माणसं उभी होती, ओळीने, पहिल्या वळणापासून ताईने उतरवलेली सगळी. ती दोनच चित्रांमध्ये हात वर-खाली करत होती. मी टीव्हीसमोर बसून रडत होतो आणि डोळे पुसायला हात बाहेर काढायची हिंमत होत नव्हती.

"आले का सगळे?" ताईने विचारलं.

"सगळे आले," मी म्हणालो. "ताई, तू तेव्हाच का बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? चोवीस वर्षांचा होतास. तुझ्याकडे दुसरं होतं काय?"

"राग नाही आला?"

"आला की. लाँड्रीत एवढी वर्षं चादरी काय उगाच आपटल्या?"

पडद्यावर तक्ता आला. सगळ्यात वर तीन रिकाम्या जागा आणि पहिलीत लुकलुकणारा ए. ताईला तो दिसणार नव्हता, अगदी मध्यावर होता.

"तीन ए ठेवू या?" मी विचारलं. "नेहमीसारखे?"

"नाही. तेव्हा फरशी पुसायची राहिलेली असायची. आज वेळ आहे." ती स्टुलावर सावरून बसली. "तू हाक मारतोस ते घालायचं."

भाची पुढे झाली, तर ताईने मानेने नको म्हटलं आणि पंजा लाल गोळ्यावर ठेवला. म्हणून मी खुर्चीतूनच सांगत गेलो. उजवीकडे. अजून. अजून थोडं. बास, टी आला, दाब. आता ए आहेच, नुसतं दाब. आता पुन्हा उजवीकडे, जी, एच, हां, आय. दाब. तक्त्यात सगळ्यात वर ताईचं नाव लागलं.

तिने हेडसेट काढला. नाकावर आणि कपाळावर त्याचा वळ उमटला होता. तिने माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे माझ्या कानाकडे, कारण तसं केलं की मी तिला दिसतो.

"आता काढ प्लग," ती म्हणाली.

हात खिशातून बाहेर काढायला मला जरा वेळ लागला.